‘कार्बन दाखवतो’, पण कोणता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरातली हवा मोजणाऱ्या बिनतारी यंत्रावर मजकूर आला होता. मजकूर बरा होता, पण शेजारच्या चित्रात ते यंत्र टीव्हीच्या कपाटावर, खिडकीला लागून, कुंडीशेजारी मांडलेलं होतं. ज्या तीन जागा टाळायच्या, त्या तिन्ही एकाच चित्रात आल्या. मी टेलिफोन खात्यात ३३ वर्षं तारा जोडल्या, त्यामुळे कुठलंही यंत्र चुकीच्या जागी बसलेलं बघवत नाही. पण नुसत्या चित्रासाठी मी पत्र लिहिलं नसतं. खरं कारण आमच्या शेजारच्या न्हाणीघराचं आहे. त्याकडे येतो, आधी आमच्या घरचं सांगतो.

आम्ही शाहूपुरीत नदीच्या बाजूच्या गल्लीत राहतो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ ला धोका पातळी, हे कोल्हापुरात पोरासोरांनाही पाठ आहे. आमच्या गल्लीत ४१ कानावर आलं की गाद्या माळ्यावर चढतात. २०१९ ला घरात कमरेएवढं पाणी होतं, २०२१ ला पुन्हा आलं. दगड-मातीची दीड फुटी भिंत तेव्हापासून पुरती वाळलेलीच नाही. दर पावसाळ्यात लोणा फुटतो, पोपडे पडतात आणि सौभाग्यवतींचा दमा उठतो. डॉक्टरांनी विचारलं, घरात ओल किती आहे? मी म्हटलं, पुष्कळ. ते म्हणाले, पुष्कळ म्हणजे किती? या प्रश्नापायी तसलंच हवा मोजणारं यंत्र, म्हणजे नऊ हजारांची डबी, घरात आली.

बिनतारी म्हणून घेतली, तर पहिल्याच दिवशी कळलं की तिला तार लागतेच. धूळ मोजायला तिच्या आत एक लेझर आणि हवा ओढणारा इवलासा पंखा असतो. तो सेलवर किती दिवस चालणार? म्हणून मोबाइलच्या चार्जरसारखी वायर कायम जोडलेली. बिनतारी फक्त निरोप. तोही पहिला दीड दिवस जाईना. कारण साधं होतं. ही डबी वायफायच्या २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यावरच बोलते आणि आमचा राउटर एकाच नावाखाली २.४ आणि ५ असे दोन्ही पट्टे चालवत होता. पुतण्याने पाचचा पट्टा तात्पुरता बंद केला, तशी दोन मिनिटांत जोडणी झाली. पुढे दीड फुटी भिंत आडवी आली. माजघरात निरोप पोचतो, मागच्या खोलीत गेला की गडप. शेवटी राउटरच दाराच्या चौकटीवर चढवला. खांबावर चढून आयुष्य गेलं, आता स्टुलावर चढलो एवढंच.

जागेचं सांगतो. टीव्हीच्या कपाटावर सेट टॉप बॉक्सच्या गरम हवेत डबी ३४ अंश दाखवायला लागली, बाहेर पाऊस कोसळत असताना. स्वयंपाकघरात ठेवली, तर तांबड्या रश्श्याच्या फोडणीला धुळीचा आकडा सहाशेवर गेला. सौभाग्यवती म्हणाली, “माझ्या रश्श्याला विषारी म्हणणारी डबी ह्या घरात ऱ्हाणार असंल तर मी जातो माहेरी.” (आमच्याकडे बायका ‘जातो’च म्हणतात, पुण्याच्या वाचकांनी छपाईची चूक समजू नये.) शेवटी झोपायच्या खोलीत, आतल्या भिंतीवर, जमिनीपासून चार फुटांवर ती बसवली. आपण श्वास घेतो साधारण त्या उंचीला, पण उशापासून लांब. तोंडासमोर ठेवली तर आपलाच उच्छ्वास मोजत बसते. सोबत आलेली चिकटपट्टी ओल्या भिंतीवर तासभर टिकली. मग ड्रिल करून गिट्टी मारली, पण प्लास्टर इतकं भुसभुशीत की गिट्टीच बाहेर. लाकडी फळी ठोकली आणि फळीवर डबी लावली.

आता आकड्यांवर विश्वास किती ठेवायचा? आमच्या खात्यात मीटर आधी तपासल्याशिवाय लाइन तपासत नसत. म्हणून एका वाटीत मीठ घेऊन त्यात पाण्याचे थेंब घातले. मीठ विरघळायला नको, ओल्या वाळूसारखं व्हायला हवं. ही वाटी, डबी आणि पॉवर बँक अशी तिन्ही हवाबंद डब्यात रात्रभर ठेवली. अशा ओल्या मिठावरच्या कोंडलेल्या हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते, हा जुना आणि फुकटचा दाखला आहे. डबीने ७१ दाखवले. स्वतःच्याच उष्णतेने ती जरा कोरडं वाचते, हे त्यातून कळलं. तेव्हापासून मी तिच्या ओलीच्या आकड्यात चार मिळवतो.

तरीही डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर भिंतीवरच्या आकड्यात नव्हतंच. जुलैत खोलीच्या मधोमध ७८ दिसत होते. एका रात्री डबी लाकडी कपाटाच्या मागे, बाहेरच्या भिंतीलगत सरकवली, तर सकाळी ९२. हवेतलं बाष्प तेवढंच असलं तरी थंड भिंतीजवळ त्याची टक्केवारी चढते, आणि बुरशी तिथेच धरते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं, मागून वारा खेळू लागला, सप्टेंबरपर्यंत कुबट वास निम्म्याने कमी झाला. या कामासाठी नऊ हजार घालवायची गरज नव्हती, असं सौभाग्यवतीचं मत आहे. तिचं बरोबर असेल. पण ९२ बघितल्याशिवाय मी ते कपाट हलवलं नसतं, हेही तिला माहीत आहे.

कार्बन डायऑक्साइडचा आकडा मात्र डोळे उघडणारा निघाला. बाहेरच्या मोकळ्या हवेत तो आता सव्वाचारशे पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत सव्वाचारशे भागांच्या, आसपास असतो. आम्ही दोघं आणि नातू दार-खिडकी लावून झोपलो की पहाटेपर्यंत १९०० होतो. खिडकी दोन बोटं उघडी ठेवली की ८०० च्या वर जात नाही. बंद खोलीत १००० च्या पुढे गेलं की हवा शिळी समजावी, हा मापदंड जर्मनीतल्या पेटनकोफर यांनी १८५८ सालीच सांगून ठेवलाय. राजारामपुरीतल्या क्लासचालकांनी एकदा एसी लावलेल्या वर्गात ही डबी ठेवून बघावी. भिंतीवरचा स्प्लिट एसी आतलीच हवा गार करून आत सोडतो, बाहेरची घोटभरही घेत नाही. पोरं दुपारी पेंगतात ती सगळी आळसाने पेंगतात असं नाही.

खिडकी उघडली की डास येतात. डासांची कॉइल लावली की धुळीचा, म्हणजे पीएम २.५ या अतिबारीक कणांचा आकडा फोडणीलाही मागे टाकतो, आणि फोडणी दहा मिनिटांची तर कॉइल रात्रभराची. शेवटी खिडकीला जाळी बसवली. पण ऊस तोडणीचा हंगाम सुरू झाला की जाळीही कामाची नाही. नदीपलीकडे पाचट पेटवलं की दोरीवरच्या धोतरावर काळे तुकडे येऊन बसतात, आणि मोठे तुकडे दिसतात म्हणून निदान कळतं तरी, बारीक धूर जाळीतून सरळ आत येतो. २०१९ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या शहरांत कोल्हापूरचं नाव आहे, ते उगीच नाही. त्या रात्री खिडकी लावावी तर एक आकडा चढतो, उघडावी तर दुसरा. मी संध्याकाळी सहापर्यंत उघडी ठेवतो, धूर ओसरेपर्यंत लावतो आणि पहाटे पुन्हा उघडतो.

एक गंमत रंगांची. आपल्या देशात पीएम २.५ ची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलेली १५. अ‍ॅप कुणाच्या हिशेबाने रंग भरतं ते आत कुठेतरी बारीक अक्षरात असतं. पुतण्याच्या डबीवर ४० ला हिरवा, माझ्या डबीवर ४० ला नारिंगी. म्हणून मी घरात रंग बघायची बंदी केली आहे. आकडा वाचायचा.

आता शेजारचं. गेल्या हिवाळ्यात शेजारी नवं जोडपं राहायला आलं. त्यांचं न्हाणीघर चार बाय पाच, आतच गॅसचा गिझर, आणि थंडी येते म्हणून झरोक्याला वर्तमानपत्र डकवलेलं. (आपलंच होतं, पण तो दोष आपला नाही.) आमची डबी बघून त्यांनीही एका दुकानातून चौदाशेची एक आणली आणि न्हाणीघराच्या दारावर बाहेरून लावली. पोरगी मला म्हणाली, “काका, आता गिझरची काळजी नाही. दुकानदार म्हणाले, ही कार्बन दाखवते.”

मी विचारलं, कोणता कार्बन?

तिला प्रश्न कळला नाही. तिची यात काही चूक नाही. बोलताना आपण दोन्ही वायूंना ‘कार्बन’च म्हणतो. डायऑक्साइड आपण श्वासातून सोडतो, तो वाढला तर डोकं जड होतं, जांभया येतात. मोनॉक्साइड माणूस मारतो. कोंडलेल्या न्हाणीघरात ऑक्सिजन कमी पडला की गिझरचा गॅस अर्धवट जळतो आणि मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो, गळती कळावी म्हणून. मोनॉक्साइडमध्ये कोण काय मिसळणार? रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं आणि माणूस म्हणतो, पित्त झालं. ही पोरगीही आंघोळ झाली की डोकं धरून बसत होती आणि पित्ताच्या गोळ्या घेत होती.

मी त्यांच्या डबीचा इंग्रजी कागद चष्मा लावून वाचला. त्यात मोनॉक्साइडचा उल्लेखच नव्हता. उलट, ती डायऑक्साइडही खऱ्या अर्थाने मोजत नव्हती. माझ्या डबीत त्यासाठी अवरक्त किरणांचं साधन आहे. डायऑक्साइड ठरावीक तरंगलांबीचे किरण गिळतो, किती गिळले त्यावरून मोजमाप होतं. स्वस्त डबीत फक्त वास-वाफांना प्रतिसाद देणारी एक चकती असते आणि तिच्यावरून डायऑक्साइडचा अंदाज बांधला जातो. आम्ही तिच्याजवळ उदबत्ती लावून बघितली. आकडा दोन मिनिटांत ५००० वर गेला. आणि महागड्या डबीने फुशारकी मारावी असंही नाही. माझी डबी आठवड्यातला सर्वांत कमी आकडा ‘हीच मोकळी हवा’ असं धरून स्वतःला जुळवून घेते. घर आठवडाभर उघडलंच नाही, तर ती शिळ्या हवेलाच ताजी म्हणायला शिकते. म्हणून महिन्यातून एकदा पहाटे तिला गच्चीवर नेऊन मोकळ्या हवेवर जुळवतो.

गिझरसाठी जे यंत्र लागतं ते वेगळं असतं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म म्हणून मागायचं. त्याला वायफाय लागत नाही, अ‍ॅप लागत नाही, तो जागेवर कान फाटेस्तोवर ओरडतो. आमच्या डब्या मोबाइलवर निरोप धाडतात. न्हाणीघरात बेशुद्ध पडलेल्या माणसाचा मोबाइल बाहेर चार्जिंगला असतो. शिवाय अलार्मचंही आयुष्य ठरलेलं असतं, ते मागच्या बाजूला छापतात, त्यानंतर तो टाकून द्यायचा. आणि त्याच्याही आधी गिझर न्हाणीघरातून बाहेर काढायचा. शेजारच्यांनी आठवड्याभरात तो मागच्या गॅलरीत मोकळ्यावर नेला, आत फक्त गरम पाण्याची नळी घेतली, प्लंबरने एका दुपारचं काम म्हणून केलं. झरोक्याचा कागद मी स्वतः फाडला. तिचं पित्त त्यानंतर उठलेलं नाही. ते मोनॉक्साइडच होतं असं मी छातीठोक म्हणणार नाही, कारण ते मोजणारं काही तिथे नव्हतंच.

दुकानदाराकडे गेलो होतो. माणूस वाईट नाही, त्यालाही फरक माहीत नव्हता. म्हणाला, “आप्पा, डब्यावर जे लिवलंय तेच मी सांगतो.” डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं ‘सुरक्षित घर’, तेवढं मात्र मराठीत.

तेव्हा विनंती दोघांना. विक्रेत्यांनी अशा प्रत्येक डबीवर मराठीत दोन ओळी चिकटवाव्यात. ही काय मोजते आणि काय मोजत नाही, आणि दुसऱ्या ओळीत मोनॉक्साइडचं नाव हवंच. आणि संपादक महाशय, आपण दिवाळीनंतर गिझरच्या जाहिराती छापता, त्या पानावर कोपऱ्यात हे चार शब्द दरवर्षी छापावेत: ‘गिझर न्हाणीघराच्या बाहेर बसवा’.

पत्र लांबलं आहे. जागा कमी पडली तर फोडणीचा भाग कापा, सौभाग्यवतीची हरकत नाही. गिझरचा ठेवा.

आपला,
एक निवृत्त टेलिफोन तंत्रज्ञ
शाहूपुरी, कोल्हापूर