चवथीला ये

चि. बाबू,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू 'बरं बाबा, ठेवतो' म्हणतोस आणि माझं बोलणं ओठांतच राहतं. म्हणून लिहायला बसलो.

यंदा मिरगाआधी पोफळींवर बोर्डोचं औषध मारायला माणूस मिळाला नाही. मोरचूद आणि चुना आणून ठेवला होता, तो तसाच कोठीत पडून आहे. पोफळीवर चढणारे आता आपल्या सत्तरी तालुक्यात राहिलेत किती? आषाढात कोळेरोग शिरला. सकाळी कुळागरात उतरलो की पाटाच्या कडेला हिरव्या सुपाऱ्यांचा सडा. उचलून बघावी तर देठाशी पांढरी बुरशी. तुझ्या आईने हे पाहिलं असतं तर दिवसभर घास गिळला नसता.

ती गेल्यावर बाराव्याला तू वाटणीचा विषय काढलास. 'सहीपुरताच आलास' असं मी सगळ्यांदेखत बोललो. कायदा मलाही ठाऊक होता रे. आपल्या गोव्यात निम्मी मालमत्ता बायकोची, आणि तिच्यामागे ती मुलांची. तू मागितलंस ते तुझ्या आईचंच होतं. मला राग वेगळ्याच गोष्टीचा होता. घर इतकं रिकामं झालं होतं आणि तू परतीचं तिकीट काढूनच आला होतास. पण हे मी तेव्हा बोललो नाही, भलतंच बोललो. चुकलं माझं.

गेल्या चवथीला गणपतीवरची फळांची माटोळी एकट्यानेच बांधली. तोरिंजन, आंबाडे, सुपारीचं शिपटं सगळं जमवलं, पण ती बांधायच्या दोरांसाठी केवणीची साल सोलायला हात चालेनात. तुझ्या काकाशी राजांगणात भिंत घातल्यापासून बोलणं नाही, हे तुला माहीतच आहे. पहाटे दार उघडलं तर सोप्यावर केवणीचे ओले दोर, नीट वेटोळं करून ठेवलेले. तशी गाठ फक्त तोच मारतो. मी हाक मारली नाही. आरतीलाही तो दाराबाहेरच उभा राहिला, आणि मी मान वर केली नाही. वर्षभर ते मनाला लागून राहिलंय. यंदा त्याला आत बोलावणार आहे.

तू ये. कागद आणलेस तरी चालतील, मी वाचून सही करीन. सूनबाईला आणि पोरीला घेऊन ये. तिला माटोळीतलं एकेक फळ ओळखायला शिकवायचं आहे.

वाळपईहून शेवटची कदंबा बस मिळाली तर तिथूनच फोन कर. तिठ्यावरचा दिवा कधीचा गेलाय, मी बॅटरी घेऊन उभा राहीन.

तुझा,
बाबा