27 आणि 29 मधला फरक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निपाणीत आमचं कापडाचं दुकान आहे. माल बहुतेक इचलकरंजीचा. सकाळी टेम्पो जातो, दुपारी कोगनोळी नाका ओलांडून परत येतो. आमच्या दृष्टीने हा शेजारचाच बाजार, पण जीएसटीच्या लेखी ते परराज्य: आम्ही कर्नाटकात, ते महाराष्ट्रात. 2022-23 च्या रिटर्नमध्ये तफावत असल्याची नोटीस मला आली, तिचं मूळ इथेच होतं.

थ्रीबीत, म्हणजे आम्ही भरलेल्या मासिक रिटर्नमध्ये, घेतलेलं क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) टूबीपेक्षा, म्हणजे व्यापाऱ्यांनी भरलेल्या बिलांवरून पोर्टल बनवतं त्या तक्त्यापेक्षा, 31,400 रुपयांनी जास्त दिसत होतं. पोटात गोळाच आला. दोन रात्री बिलं पसरून बसलो तेव्हा उलगडा झाला. 19,000 रुपये आदल्या मार्चच्या बिलांचे होते, ते आम्ही एप्रिलच्या रिटर्नमध्ये घेतले होते. 30 नोव्हेंबरपर्यंत तशी मुभा असते, त्यामुळे ती चूक नव्हती. उरलेले 12,400 मात्र तीन बिलांचे. व्यापाऱ्याने पुरवठ्याचं ठिकाण महाराष्ट्र टाकून सीजीएसटी-एसजीएसटी, म्हणजे राज्यातल्या राज्यात विक्रीचा कर, लावला होता. माल कर्नाटकात येणार, तर आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य विक्रीचा कर, हवा. टूबीत ती बिलं ‘क्रेडिट मिळणार नाही’ या भागात गेली होती आणि आम्ही तिकडे पाहिलंच नाही. दुरुस्तीची मुदतही उलटून गेलेली. मग ते पैसे 18 टक्के व्याजासह डीआरसी-03 या स्वतःहून कर भरायच्या फॉर्मने भरले, 19,000 चा बिलवार तक्ता जोडला आणि एएसएमटी-11 या नोटिशीच्या उत्तराच्या फॉर्ममध्ये उत्तर दिलं. उत्तर मान्य झाल्याचं एएसएमटी-12 आलं. दंड लागला नाही.

पत्र लिहायला बसलो ते मात्र आमच्या गल्लीतल्या एका काकांमुळे. त्यांनाही अशीच नोटीस होती, पण ती जीएसटी पोर्टलवर पडून राहिली. उत्तराचे 30 दिवस गेले, पुढची नोटीसही तशीच गेली. कळलं ते आदेश निघाल्यावर: कर, व्याज आणि वर जीएसटी कायद्याच्या कलम 73 चा दंड, म्हणजे कराच्या 10 टक्के किंवा 10,000 रुपये, यांतला जो जास्त तो. आता अपील तीन महिन्यांत करायचं आणि वादातल्या कराचे 10 टक्के आधी भरायचे. काका मराठी शाळेत शिकलेले. इंग्रजी आदेश माझ्याकडून वाचून घेताना त्यांचा हात थरथरत होता. ते बघवलं नाही.

पोर्टलवर टाकलेली नोटीस कायद्याने बजावलेलीच धरतात, हे मान्य. पण खात्याने सोबत कन्नड आणि मराठीत एक पान द्यावं: कोणता आकडा कशाशी जुळत नाही आणि उत्तर कोणत्या तारखेपर्यंत हवं. राज्यात वापरात असलेल्या भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क घटनेच्या कलम 350 ने दिला आहे. मग आपल्यावरचा आक्षेपही माणसाला समजेल अशा भाषेत का येऊ नये?

आणि कोल्हापूर, गडहिंग्लज, इचलकरंजीच्या व्यापारी बंधूंना हात जोडून विनंती. बिल करताना आमच्या जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे बघा. महाराष्ट्राचा 27, आमचा 29. मी तर आता टेम्पोवाल्याला सांगून ठेवलंय, बिलावर आयजीएसटी नसेल तर गठ्ठे चढवू नकोस.

आपला,
एक कापड दुकानदार, निपाणी