पाण्याचा गुण किती, व्यायामाचा किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतील जलोपचारावरील लेख वाचला. कटिस्नान (टबात कंबर बुडेल इतक्या पाण्यात बसणे), गरम पाण्याच्या झऱ्यांच्या कुंडातील स्नान आणि पाण्यात उभे राहून केलेला व्यायाम हे सारे एकाच माळेत ओवून ‘याला शास्त्रीय आधार आहे’ असे त्यात म्हटले आहे. आधार आहे, परंतु तो सर्वांना सारखा नाही. आणि ज्याचा गुडघा दुखतो त्याला हा फरक कोणीतरी सांगायला हवा, म्हणून हे पत्र.

सर्वांत भक्कम पुरावा आहे तो पाण्यातील व्यायामाचा. गुडघा व खुबा यांच्या झिजेच्या संधिवातावर कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१६ साली घेतलेल्या आढाव्यात १३ चाचण्या आणि १,१९० रुग्ण होते. व्यायामक्रम संपला तेव्हा वेदना शंभरच्या पट्टीवर सरासरी पाच अंकांनी उतरलेली आढळली, आणि तीही थोड्या काळापुरती. पाच अंक म्हणजे चमत्कार नव्हे. पण जिना चढताना कठडा धरणाऱ्याला तेही कमी वाटत नाहीत. जुनाट कंबरदुखीच्या ११३ रुग्णांवर चीनमध्ये झालेल्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बारा आठवडे पाण्यात व्यायाम करणाऱ्यांना विजेच्या व शेकाच्या उपचारांपेक्षा अधिक आराम पडला, आणि तो वर्षभरानंतरही टिकून होता. मात्र तिथे एका बाजूला व्यायाम होता आणि दुसऱ्या बाजूला नुसते पडून घ्यायचे उपचार, हे विसरून चालणार नाही. शिवाय आपण पाण्यात आहोत हे रुग्णापासून लपवता येत नाही, त्यामुळे अशा चाचण्यांत मनाच्या समजुतीचा वाटा वेगळा काढणे कठीणच असते.

याउलट, आमवातावरील (सांध्यांना सूज आणणाऱ्या संधिवातावरील) औषधी स्नानांचा कॉक्रेनने २०१५ साली आढावा घेतला तेव्हा ठाम काही म्हणावे इतका पुरावा हाती लागला नाही. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या किंवा राजवाडीच्या कुंडात उतरल्यावर अंग मोकळे होते, हे मीही अनुभवले आहे. ऊब स्नायूंना सैल करते, त्यासाठी त्या पाण्यातील गंधकाला श्रेय देण्याची गरज नाही. गांधीजींचा जर्मन निसर्गोपचारक लुई कूने याच्या कटिस्नानावर विश्वास होता व १९४६ साली उरुळी कांचनला निसर्गोपचाराचे काम त्यांनीच सुरू केले, याबद्दल आदर आहेच. पण श्रद्धेय माणसाचा अनुभव ही चाचणी नव्हे.

पाण्याचे काम मुख्यतः भार उचलण्याचे. कमरेपर्यंतच्या पाण्यात पायांवर शरीराचे साधारण निम्मे वजन येते, छातीपर्यंतच्या पाण्यात सुमारे तिसरा हिस्सा. दोन वर्षांपूर्वी फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली मी कोमट पाण्याच्या हौदात दांडी धरून आडवी पावले टाकत असे. आत असेपर्यंत गुडघा आपला नाहीच असे वाटे. बाहेर येताना शेवटच्या दोन पायऱ्यांवर सगळे वजन परत अंगावर येई. जमिनीवर चालवत नाही अशा माणसाला हालचाल सुरू करून देणे, हा पाण्याचा खरा उपयोग. ज्याला जमिनीवर व्यायाम जमतो, त्याला तोही जवळपास तितकाच गुण देतो, त्यामुळे महागडे ‘पॅकेज’ घेण्याआधी हे त्याला ठाऊक असावे. हृदयविकार, फिट्स किंवा न भरलेली जखम असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये, ही ओळ आपल्या लेखात असती तर बरे झाले असते.

एक सूचना महापालिकेसाठी. आमच्या भागातील पोहण्याचा तलाव दुपारी रिकामा असतो, पण उतरायला भिंतीला ठोकलेली उभी लोखंडी शिडी आहे. गुडघ्याचा रुग्ण तिच्यावरून उतरेल एकवेळ, चढणार नाही. उथळ बाजूला कठड्यासह रुंद पायऱ्या बांधून आठवड्यातून तीन दुपारी तो भाग ज्येष्ठांसाठी राखून ठेवावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे