बरेनच्या पदभ्रमणासाठी मदतीचे आवाहन

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातील बरेन राष्ट्रीय उद्यानात मुल्लामोरच्या चुनखडी डोंगरावर जाणारे आपले वासंतिक पदभ्रमण यंदाही व्हावे, अशी कार्यकारिणीची मनापासून इच्छा आहे. परंतु बसची आगाऊ रक्कम भरण्याइतकेही पैसे या उपक्रमाच्या निधीत आज शिल्लक नाहीत, म्हणून हे पत्र.

हा उपक्रम आजवर चालला तो मोजक्या सभासदांच्या पदरमोडीवर. गॉलवेच्या आपल्या परिचारिका भगिनी रात्रपाळी संपवून, घरीही न जाता, थेट बसपाशी हजर झाल्या आणि प्रथमोपचाराचा सारा भार त्यांनी उचलला. लिमरिकच्या ज्येष्ठ दांपत्याने मायदेशी परतताना आपले जवळपास नवे बूट मंडळाला दिलेच, शिवाय सभासदांच्या आईवडिलांसाठी काठ्यांचा संचही घेऊन दिला. त्या काठ्यांच्या आधाराने भारतातून आलेले आजी-आजोबा वर चढले आणि खडकाच्या फटीलगत उमललेले जेन्शियनचे निळेभोर रानफूल त्यांनी गुडघे टेकून पाहिले. या सर्वांचे मंडळ कायमचे ऋणी आहे.

सह्याद्रीच्या काळ्या कातळाची सवय असलेल्या पायांना हा खडक फसवतो. पावसाचे पाणी चुनखडी विरघळवत खाली मुरते, त्यामुळे माथ्यावर ओढा दिसत नाही, पण दगडी लाद्यांमध्ये खोल भेगा पडल्या आहेत, सुट्या लाद्या डुगडुगतात आणि सर आली की निसरड्या होतात. घोटा सावरणाऱ्या बुटांशिवाय कोणालाही वर नेता येणार नाही. बसही तितकीच आवश्यक आहे. येथे अभ्यागत केंद्र व वाहनतळ उभारण्यास अनेक रहिवाशांनी 1990च्या दशकात नेटाने विरोध केला, 2000 मध्ये परवानगी नाकारली गेली, आणि म्हणूनच हा परिसर मोकळा राहिला. तिथल्या अरुंद रस्त्यावर आपल्या मोटारींची रांग लावणे आपल्याला शोभणार नाही.

गणेशोत्सवाच्या महाप्रसादाला सभागृह अपुरे पडते, याचा आम्हांला आनंदच आहे. पण गेल्या वर्षीच्या याच आवाहनाला बहुसंख्य सभासदांनी साधी पोचही दिली नाही, हे लिहिताना वाईट वाटते.

शनिवार, 16 मे 2026. चाल सुमारे तीन तास. प्रौढांस 25 युरो, विद्यार्थी व मुलांस शुल्क नाही. देणगी यथाशक्ती, मंडळाच्या नेहमीच्या खात्यात, संदर्भात ‘बरेन’ लिहून. वापरण्याजोगे जुने बूट मापासह कळवावेत. फुले तोडू नयेत, दगड रचू नयेत. नावे व रक्कम 20 एप्रिलपूर्वी, कारण बसची मुदत 21 तारखेला संपते.

आपला,
चिटणीस