पेठेतल्या पोरांच्या बुटांसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

तालमीचे आजी-माजी खेळाडू, पेठेतली सर्व वडीलधारी मंडळी, सासरी गेलेल्या आपल्या लेकी, आणि नोकरीपायी पुण्या-मुंबईला जाऊन तिथनं रोज 'जगात भारी कोल्हापुरी' असा स्टेटस ठेवणारे आमचे भाऊ, या सगळ्यांसाठी हे पत्र आहे. ते गणपतीच्या आधीच निघायला हवं होतं. खजिनदार आजारी, माझी महिनाभर सेकंड शिफ्ट, त्यात विसर्जनाची धावपळ. उशीर झाला, चूक माझी.

मुद्द्याचं आधी सांगतो. दिवाळी झाली की शाहू स्टेडियमवर फुटबॉल लीगचे सामने लागतील. यंदा सर्वसाधारण सभेत ठरलंय की बाहेरचा एकही खेळाडू आणायचा नाही. पाटाकडील असो, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार, प्रॅक्टिस नाहीतर शिवाजी तरुण मंडळ, समोर कुणीही असलं तरी आपल्या जर्सीत पेठेतलीच पोरं उतरणार. ठरावाला टाळ्या भरपूर पडल्या. पोरांना बूट कशातनं घ्यायचे, हे मात्र कुणी विचारलं नाही.

बाहेरच्या खेळाडूंवर राग नाही, हे आधीच स्पष्ट करतो. आपल्याकडं खेळून गेलेला तो नायजेरियाचा पोरगा तांबडा-पांढरा रस्सा आमच्यापेक्षा जास्त प्यायचा आणि संध्याकाळी बारक्या पोरांना घेऊन गल्लीत बॉल घोळवायचा. पोरं अजून त्याची चौकशी करतात. पण त्याची खोली, खाणावळ, येण्याजाण्याचं तिकीट आणि मानधन यातच हंगामाचा निम्म्याहून जास्त पैसा जायचा. आपली पोरं तोवर बाकावर बसून पाण्याच्या बाटल्या भरायची. एका पोराच्या आईनं मला भर रस्त्यात विचारलं, "सचिव, माझं पोरगं पेठेचंच हाय न्हवं?" त्या दिवसापासनं हा विषय डोक्यात होता.

तालमीचा इतिहास नव्यानं सांगायची गरज नाही, तरी बाहेरगावच्या पोराबाळांसाठी थोडं लिहितो. आपल्या गावात तालीम म्हणजे आधी लाल माती. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ ला खासबागचं मैदान बांधलं, आणि पेठापेठांतल्या तालमी पैलवानांनी भरल्या. पुढं त्याच तालमींनी फुटबॉल उचलला. १९४० ला केएसए, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, उभी राहिली. तेव्हापासून आजतागायत पेठेची अब्रू नव्वद मिनिटांत स्टेडियमवर ठरते, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. आपल्या तालमीत आजही मागच्या खोलीत मातीचा हौद आहे आणि त्याच्यावरच्या फळीवर बॉल. पहाटे जोर-बैठका मारणारी मंडळी आणि संध्याकाळी स्टड वाजवत येणारी पोरं एकाच मारुतीला नमस्कार करतात.

या गावाला खेळाडूमागं उभं राहायची सवय जुनी आहे. पैलवान खाशाबा जाधव राजाराम कॉलेजात शिकायला होते. १९४८ ला लंडन ऑलिंपिकला त्यांना कोल्हापूरच्या महाराजांनी पाठवलं. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले. खाशाबांनी तिथनं कांस्यपदक आणलं. आम्ही कुणाला घर गहाण ठेवा म्हणत नाही. एका जोडाचे पैसे द्या म्हणतोय. आपल्या गावचा अनिकेत जाधव २०१७ ला दिल्लीत १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडनं खेळला, तेव्हा सगळ्या पेठांनी तो आपलाच समजला. तो आपल्या तालमीचा नव्हे, पण ते सामने टीव्हीवर बघितलेली आपली बारकी पोरं दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मैदानावर हजर होती. त्यातली तिघं यंदा सिनिअर संघात आहेत.

आता ज्यांच्या जिवावर आजवर चाललं, त्यांच्याविषयी. देणगीदारांची नावं छापायची नाहीत असं ज्येष्ठांनी बजावलंय, त्यामुळं नावं देत नाही, वाचणारे ओळखतील. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावरच्या मामांनी सलग अकरा हंगाम सरावानंतर पोरांना धारोष्ण दूध पाजलं. पोरं ओळीनं उभी, म्हैस समोर, आणि मामा पेल्यावर फेस आला की म्हणायचे, "घे, गोल मारलास न्हाईस तर उद्या पाणी मिळंल." एक रुपया घेतला नाही. गेल्या वर्षी त्यांनी म्हशी विकल्या. कपिलतीर्थ मंडईतल्या आक्का स्टेडियमवरच्या प्रत्येक सामन्याला हाफटाइमसाठी लिंबांची पिशवी पाठवायच्या. आता त्यांची सून पाठवते, आणि लिंबू महाग झालं तरी पिशवी लहान झालेली नाही. गुजरीतल्या शेठजींनी जर्सीचे दोन संच दिले, तेही छातीवर दुकानाचं नाव न घालता. उद्यमनगरातल्या आपल्या कारखानदार बंधूंनी सरावाचे गोलपोस्ट स्वतः वेल्डिंग करून दिले. रात्री दहाला ते स्वतः टेम्पोत बसून घेऊन आले आणि पोस्ट उभे राहीपर्यंत चहासुद्धा घेतला नाही. आपले जुने गोली आण्णा, खांदा निखळला तरी पट्टी बांधून टायब्रेकरला उभे राहिलेले, त्यांनी पेन्शनीतनं दरमहा थोडे थोडे असे चार वर्षं दिले. ते आता नाहीत. त्यांचे ग्लोव्हज तालमीतल्या काचेच्या कपाटात आहेत, येऊन बघा.

२०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. ४३ ला धोका म्हणतात, त्यावरनं अंदाज करा. दोन्ही वेळा तालमीत छातीएवढं पाणी होतं. नेट, बॉल, जुने फोटो, मॅटा, सगळं गाळात गेलं. तेव्हा याच फुटबॉलच्या पोरांनी गुळाच्या मोठ्या काहिलीत बसवून म्हाताऱ्या माणसांना बाहेर काढलं आणि पाणी ओसरल्यावर आधी लोकांच्या घरातला गाळ उपसला, मग तालमीतला. ज्यांच्या घरातला उपसला त्यांना ते आठवत असेल असं समजतो.

थोडं कडू लिहितो, राग मानू नका. गणपतीची वर्गणी आठ दिवसांत जमते. वाढदिवसाचा फ्लेक्स लावायला कुणाला पत्र पाठवावं लागत नाही. गेल्या हंगामात उपांत्य सामन्याला आपली माणसं दोन ट्रक भरून आली, हलगी, पिपाण्या, झेंडे, सगळा माहौल. टायब्रेकरवर हरलो. दुसऱ्या दिवशी हलगीवाल्याचे पैसे भागवायला तालमीत आम्ही चौघंच होतो. आणि त्याच सामन्याच्या आदल्या रात्री एका मान्यवरांनी माइक हातात घेऊन संपूर्ण किट जाहीर केलं होतं. त्याचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहे, किट अजून यायचं आहे. विचारायला तीनदा गेलो, चौथ्यांदा जाणार नाही.

परवाच्या सरावाची गोष्ट. आपला लेफ्ट विंग, वय १९, दिवसभर लक्ष्मीपुरीत हमाली करतो. पळता पळता त्याच्या उजव्या बुटाचा तळ पुढनं उचकटला, जीभ बाहेर काढल्यासारखा. बघितलं तर आधी दोनदा चांभाराकडनं नायलॉनच्या दोऱ्यानं शिवून घेतलेला. त्यानं खिशातनं चिकटपट्टी काढली, बुटाला चार वेढे मारले आणि परत पळायला लागला. चिकटपट्टी तो खिशातच ठेवतो.

तर गरज अशी: सिनिअरचे २२ आणि बारक्यांचे ३८ जोड बूट, शिनगार्ड, १२ बॉल, नेटची एक जोडी, प्रथमोपचाराची पेटी, नोंदणीचा खर्च, सगळं मिळून अंदाजे १ लाख ४० हजार, पैकी ३१ हजार जमलेत. एका जोडाला साधारण दीड हजार धरलेत. पूर्ण जोड नाही जमला तर दोघांनी मिळून द्या, शंभर रुपयेही चालतील. पैसे तालमीत रोज संध्याकाळी ७ ते ९, खजिनदार नसतील तर मी, नाहीतर वहीजवळ बसलेला कुणीही. पावती घेतल्याशिवाय देऊ नये. बाहेरगावच्यांनी तालमीच्या खात्यावर पाठवून घरच्या कुणालातरी पावती न्यायला सांगावं, क्यूआरचा फलक आतल्या भिंतीवर आहे. वस्तू दिल्या तरी चालतील पण माप आधी विचारा, मापांची यादी नोटीस बोर्डवर लावली आहे. हिशोब दर रविवारी त्याच बोर्डवर लागेल. मुदत दसऱ्यापर्यंत. दसरा चौकात सोनं लुटायला जाण्याआधी तालमीत डोकावून जावं ही विनंती; त्यानंतर दुकानदार बूट वेळेत देणार नाही, त्यानं तसं सांगितलंय.

सरावाला माणसं हवीत हेही सांगायचं राहिलं. पैसे नसतील त्यांनी पहाटे सहाला मैदानावर येऊन बॉल गोळा केले तरी उपकार होतील. जुन्या खेळाडूंपैकी कुणी गोलींना तासभर शिकवणार असेल तर फार बरं. आण्णांच्या माघारी ती जागा रिकामीच आहे.

आपला,
सचिव
(तालमीच्या कार्यकारिणीच्या वतीनं)

ता. क. : जुने बूट देणाऱ्यांना विनंती, दहा नंबरचे आता नकोत. मागच्या खेपेला चार जोड आले, आपल्यात तेवढ्या पायाचा कुणीच नाही, अजून माळ्यावर पडलेत. सहा, सात आणि बारक्यांचे तीन-चार नंबर बघा.