चाहत्यांचा राग समजून घ्यावा

महोदय,

लाडका खेळाडू दुसऱ्या संघाला दिला गेला की चाहत्यांच्या संतापाला भावनिक अतिरेक ठरवण्याची जी रीत क्रीडालेखनात पडली आहे, ती मला अन्यायकारक वाटते. कॅनडातील मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या आइस हॉकी संघाने २९ जून २०१६ रोजी आपला खेळाडू पी. के. सुबान याला अमेरिकेतील नॅशव्हिल संघाला देऊन त्या संघाच्या शे वेबर याला घेतले. संमतीशिवाय अदलाबदल करता येणार नाही, हे सुबानच्या करारातील कलम दोनच दिवसांनी, १ जुलैला लागू होणार होते. त्यामुळे व्यवस्थापनाला त्याला विचारण्याची गरज उरली नाही. वेबर अव्वल दर्जाचा बचावपटू होता, हे मान्यच आहे. परंतु ज्याने आदल्याच वर्षी शहरातील मुलांच्या रुग्णालयासाठी १ कोटी डॉलर उभारण्याचे वचन दिले होते, त्याच्या जाण्याचा हिशेब केवळ मैदानावरच्या कौशल्याने कसा मांडणार? एका चाहत्याने तर स्थानिक दैनिकात पानभर जाहिरात देऊन त्याचे आभार मानले, आणि मार्च २०१७ मध्ये सुबान प्रतिस्पर्धी संघाकडून खेळायला परतला तेव्हा प्रेक्षकांनी उभे राहून केलेल्या टाळ्यांच्या गजरात त्याला अश्रू आवरले नाहीत. अशा प्रेक्षकांना अविचारी म्हणणे मला पटत नाही. अदलाबदलीचा अधिकार संघाचा असला, तरी त्यामागची कारणे तिकीट काढून वर्षानुवर्षे येणाऱ्या माणसांना मोकळेपणाने सांगणे, एवढी अपेक्षा रास्तच आहे.

— एक हॉकीप्रेमी वाचक