आभासी जगाचं फाटक कुणाच्या हातात?

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी सांगलीतल्या एका शाळेत भूगोल आणि संगणक शिकवतो. वर्गात आभासी जगं, म्हणजे पडद्यावरची अशी जगं जिथे मुलं एकत्र फिरतात, बांधतात, बोलतात, यावीत असं मला मनापासून वाटतं. पण कोणतं जग निवडायचं हे आज जो तो आपापलं ठरवतो, आणि त्याचा त्रास मी डोळ्यांनी पाहिलाय.

दोन वर्षांपूर्वी आम्ही मुलांना एक फुकटचं, सगळ्यांना खुलं असलेलं जग उघडून दिलं. तिसऱ्याच तासाला मी सातवीतल्या एका मुलीच्या मागे उभा होतो. पडद्याच्या कोपऱ्यात कुणा अनोळख्याचा प्रश्न आला, कुठल्या गावची? तिनं ‘सांगली’ लिहिलं. कुठली शाळा? शाळेचं अर्धं नाव टाइप झालं होतं. मी माउसकडे हात नेला तशी ती दचकली. “सर, माझं काय चुकलं?” तिचं काहीच चुकलं नव्हतं. मोठ्यांनी विचारलं की उत्तर द्यायचं, हे आम्हीच तिला शिकवलंय.

मग आम्ही लुआंटीकडे वळलो. ठोकळे रचून जग बांधायचा हा संगणकावरचा खेळ. २०२४ पर्यंत त्याचं नाव माइनटेस्ट होतं. मुक्तस्रोत आहे, म्हणजे कुणीही घेऊन बदलू शकतो, पैसे पडत नाहीत. शाळेतला एक संगणक सर्व्हर करायचा, म्हणजे जग त्याच्यावर चालतं, बाकीचे त्याला वायरनं जोडायचे. इंटरनेट लागतच नाही, मग परका माणूस येणार कुठून? मुलं टोपणनावानं येतात. कुणाला काय करता येईल हे शिक्षक ठरवतो. ‘शाऊट’ हा अधिकार काढून घेतला की त्या मुलाचं चॅट बंद. नोंद चालू ठेवली तर कुणाचं बांधकाम कुणी पाडलं तेही सापडतं. (पाडापाडी होते, मुलंच ती.)

त्या जगात मुलांनी सांगलीतला कृष्णेवरचा आयर्विन पूल बांधला, जिथे पुराची पातळी मोजतात. एक ठोकळा म्हणजे एक फूट. ४० फुटांवर इशारा, ४५ वर धोका, अशा खुणा केल्या आणि पाणी चढवत नेलं, २०१९ च्या महापुरासारखं ५७ च्या वर. तेव्हा ही पोरं जेमतेम बालवाडीत होती. एकानं नदीकाठच्या सखल सूर्यवंशी प्लॉटमधलं आजीचं घर बांधलं होतं. इशारा पातळी यायच्या आधीच तिचं दार बुडालं. तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, “सर, मग आजीला कधी हलवायचं?” इतकी वर्षं भिंतीवरच्या नकाशासमोर हा प्रश्न मला एकाही मुलानं विचारला नव्हता.

साहेब, यासाठी एक शासन निर्णय काढा. वर्गात वापरायचं जग बंद फाटकाचं असावं, आत कोण येणार हे शाळेनं ठरवावं, अनोळख्यांशी बोलायची सोय मुळातच नसावी. मुलांची खरी नावं, फोटो, आवाज बाहेर जाऊ नयेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. ती कशी घ्यायची याचा साधा मराठी नमुना शाळांना द्या. आणि शिक्षकाला हे चालवायचं प्रशिक्षण द्या. एकटा संगणक शिक्षक, तोही अनेक शाळांत नाही, किती पुरा पडणार?

नव्या वर्षाच्या साहित्याच्या याद्या जूनआधीच ठरतात. त्याआधी हा निर्णय यावा, एवढी विनंती.

आपला,
एक शिक्षक, सांगली